लाखाची पाटी

लाख रुपयांची पाटी कुणी विकत घेतल्याचे तुमच्या ऐकिवात आहे काय? नसेल, तर आमच्या घरी या. राजुऱ्याला यायचे म्हणजे बल्लारशाह स्टेशनावर उतरायचे, वर्धा नदीचा पूल ओलांडायचा आणि (पुलावर पाणी चढलेले नसेल तर) थोड्याच वेळात आमच्या दारात हजर व्हायचे. पाटी दाखवीन, चहाही पाजीन; मात्र पाटीला शिवण्यापूर्वी हात धुऊन घ्यावे लागतील. तसा हुकूम आहे. हुकूम अर्थातच माझा नव्हे. माझे हुकूम घरात चालत असते तर ही पाटी आलीच नसती, असे म्हणण्याचा मोह मला होतो. पण ते खरे नाही. ती यावी असे मलाही मनातून वाटत होतेच. प्रश्न एवढाच होता, की कोणती?

मी मराठीचा प्राध्यापक. तेव्हा या वस्तूला मराठीत काय म्हणावे, येथूनच माझी तयारी सुरू झाली. स्पर्शपट? विद्युत्फलक? दोन-तीन नावे मी कागदावर मांडूनही पाहिली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही नाव ठेवीपर्यंत ते मॉडेल जुनं होईल." नाव ठेवणे या वाक्प्रचाराचे दोन्ही अर्थ तिला ठाऊक आहेत की काय, हे मी विचारले नाही. शेवटी सौभाग्यवतीने निकाल दिला, "पाटीच ना ती? मग पाटी म्हणा." आणि खरेच, ज्यांना या वस्तूची ओळख नाही त्यांना एवढे सांगितले तरी पुरे. असतो हा लॅपटॉपच. पण त्याचा पडदा बोटाला आणि लेखणीला ओळखतो. काहींचा कळफलक मागे दुमडून पाठीला चिकटतो, काहींचा सुटून बाजूला ठेवता येतो. उरते ती एक काचेची पाटी. तिच्यावर पेन्सिलीने चित्र काढावे तसे चित्र काढायचे. खोडायला ओले फडके नको की थुंकी नको.

मुलगी चित्रकलेची. शाळेत असताना कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन्ही परीक्षा तिने दिल्या, आणि बारावीनंतर 'बाबा, मी उपयोजित कलाच शिकणार' असे जाहीर केले. उपयोजित कला म्हणजे पुस्तकांची मुखपृष्ठे, जाहिराती, वेष्टने, अक्षरे, थोडक्यात पोटाला लागणारी चित्रकला. यंदा तिला नागपूरला प्रवेश मिळाला. तिच्याजवळ आधीची एक पाटी होती. ती काळी, छोटी, बिनपडद्याची. घरच्या संगणकाला तार जोडायची, हात पाटीवर फिरवायचा आणि रेघ समोरच्या पडद्यावर उमटलेली पाहायची. हात इथे आणि नजर तिथे! हार्मोनियम वाजवणाराही बोटांकडे पाहत नाही, हे आठवले म्हणजे त्यात नवल वाटत नाही. येथे वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. तुमच्या घरातले मूल नुकतेच या वाटेला लागले असेल तर लाखाच्या भानगडीत पडू नका. चार-पाच हजारांची ही काळी पाटी आणून द्या. धंद्यात मुरलेले पुष्कळ चित्रकार आजही तिच्यावरच काम करतात आणि त्यांचे काही अडत नाही.

मग आमचेच का अडले? वसतिगृहात एका खोलीत तिघीजणी आणि टेबल एक. शिवाय पोरीची सवय अशी, की चित्र काढायचे तर वस्तूसमोर बसून. आठवडी बाजारात मोहाची फुले विकणारी बाई दिसली की ही तिच्यासमोर मांडी ठोकणार. संगणक, तार, काळी पाटी असा संसार घेऊन बाजारात बसता येत नाही. कागद होताच की, असे तुम्ही म्हणाल. कागद आहेच, आणि तो सुटू नये असे मी रोज म्हणतो. पण आता अभ्यासक्रमातले निम्मे काम शेवटी संगणकातूनच जाते, छापखान्यात तर सगळेच.

पैशांची गोष्ट सांगितल्याखेरीज पुढे जाणे बरोबर नाही. आमचा राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानातला, अदिलाबाद जिल्ह्यातला. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला तो नांदेड जिल्ह्याला जोडला जाऊन, आणि १९५९ साली तेथून निघून चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात. इतक्या घरी नांदलेल्या सुनेच्या बोलण्यात जशी चार घरची वळणे येतात, तशी आमच्या बोलीत तेलुगू, गोंडी, उर्दू अशी सगळी वळणे आहेत. त्या बोलीतले शब्द मी बारा वर्षे जमवतो आहे. अशा संग्रहाला प्रकाशक कोठून मिळणार? म्हणून तो पदरच्या खर्चाने छापण्यासाठी दर महिन्याला थोडे बाजूला टाकीत आलो होतो. ती रक्कम सव्वा लाखाच्या घरात गेली आणि मुलीच्या प्रवेशाचे पत्र आले. त्या रात्री घरात फारशी चर्चा झाली नाही. "शब्द कुठे पळून जात नाहीत," मी म्हणालो. "शब्द नाही जात," सौभाग्यवती म्हणाली, "सांगणारी म्हातारी माणसं जातात." तिचे म्हणणे खोटे नव्हते. संग्रहातली चार-पाच नावे एव्हाना कैलासवासी झालेली आहेत. तरीही दुसऱ्या दिवशी पैसे पाटीकडे वळवायचे ठरले. मात्र हे पैसे पुन्हा जमायचे नाहीत, तेव्हा जे घ्यायचे ते पारखून घ्यायचे, हेही ठरले.

पारखण्यासाठी आधी गेलो चंद्रपूरला. दुकान मोठे, गार, चकचकीत. तिथला तरुण मोठा अगत्यशील होता. "पाहून घ्या ना सर. आय-सेव्हन आहे, सोळा जीबी आहे, टच आहे. अजून काय पाह्यजे?"

"पेन दाखवा," मुलगी म्हणाली.

"पेन वेगळं घ्या लागते."

"मग लावून दाखवा."

"ते सीलबंद असते ना मॅडम. फोडलं तर घ्या लागते."

एका पाटीचा तर कळफलकही वेगळा घ्यावा लागत होता. म्हणजे जाहिरातीत जी किंमत मोठ्या आकड्यात छापलेली, ती केवळ काचेची. लेखणी आणि कळफलक यांचे मिळून तिच्यावर आणखी पंचवीस-तीस हजार! लग्नात नवरदेव ठरवून हातापायांचे निराळे मागावेत, तसला हा प्रकार. आकड्यांच्या या जंगलात दुसरा एक आकडा फार मिरवत होता, तो दाबाच्या पातळ्यांचा. अमुक लेखणी ४०९६ पातळ्या ओळखते, तमुक ८१९२. हात जसा दाबावा तशी रेघ जाड व्हावी, यासाठी या पातळ्या. पण ४०९६ आणि ८१९२ यांतला फरक सांगू शकेल असा हात अजून जन्माला यायचा आहे. खरा प्रश्न निराळाच असतो. अगदी हलका हात टेकला तर रेघ उमटते का, की लेखणी टोचल्याखेरीज ती जागी होत नाही? छायेची सगळी कामे या हलक्या हातावर चालतात. आणि हे कोणत्याच डब्यावर लिहिलेले नसते.

चंद्रपूरहून आम्ही रिकाम्या हाताने परतलो, तो बसस्टँडवर पेंटर भेटले. हे गृहस्थ म्हणजे राजुऱ्याची एक जुनी ओळख. चाळीस वर्षे त्यांनी आमच्या गावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या पाट्या रंगवल्या. किराणा, सायकल दुकान, दवाखाना, शाळेच्या भिंतीवरची सुवचने, ट्रकच्या पाठीमागची शेरोशायरी. मराठी तर लिहीतच, हिंदी आणि तेलुगूही लिहीत. आणि वडील निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे उर्दू अक्षरेही त्यांच्या हातात होती. पुढे फ्लेक्स आले. रात्रीतून दहा फुटांचा फलक छापून मिळू लागला, त्यावर वाढदिवसाच्या मूर्तींचे फोटो हसू लागले आणि पेंटरांचे ब्रश रॉकेलच्या डब्यात वाळून गेले. २०२२ मध्ये कायदा दुरुस्त होऊन सगळ्या दुकानांच्या पाट्यांवर मराठी देवनागरी अक्षरे सक्तीची झाली आणि ती इतर लिपीहून लहान असता कामा नयेत असेही ठरले. तेव्हा मला वाटले, पेंटरांचे दिवस फिरले. ते म्हणाले, "सर, कायद्यानं अक्षर मोठं केलं. चांगलं कर म्हणून कुठं सांगितलं?"

पाटीची हकीकत त्यांनी नीट ऐकून घेतली आणि मुलीला म्हणाले, "बेटा, मशीन काय म्हणते ते नको ऐकू. रेघ मारून पाहा. सावकाश. भरकन मारलेली रेघ सगळ्याचीच सरळ येते. सावकाश मारली की माल कळते." नागपूरला मोतीबिंदू दाखवायला त्यांना जायचेच होते. त्यामुळे पुढच्या शनिवारी आम्ही तिघे एकाच गाडीने निघालो. सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांच्या त्या प्रवासात त्यांनी खिडकीतून एकही पाटी सुटू दिली नाही. प्रत्येक गावाच्या फलकावर त्यांचा शेरा ठरलेला. "याची वेलांटी पाहा, टोपी वाऱ्यानं उडाल्यासारखी!"

नागपुरातल्या दुकानात मात्र तीन पाट्या लेखणीसह उघड्या मांडून ठेवलेल्या होत्या. पहिली अतिशय पातळ, कळफलक सुटा होणारी, पाऊण-एक किलोची, आणि सगळ्यांत महाग. दुकानदाराचा जीव तिच्यावर. मुलीने लेखणी घेतली आणि पेंटरांनी सांगितल्याप्रमाणे डावीकडून उजवीकडे तिरकी रेघ अगदी सावकाश ओढली. रेघ थरथरली. हात थरथरला असेल म्हणून पट्टी ठेवून ओढली. तरी बारीक लाटा आल्याच. वाऱ्यावर धरलेल्या ओल्या दोऱ्यासारख्या. तीच रेघ जलद ओढली तर सुतासारखी सरळ. दुसऱ्या पाटीवर सावकाश रेघही सरळ आली.

हे काय गौडबंगाल आहे, हे नंतर मुलीने मला समजावले आणि मी ते मला कळेल अशा भाषेत बसवून घेतले. लेखण्यांच्या दोन जाती आहेत. एका जातीत पडद्यामागे तारांची खास जाळी विणलेली असते. ती एक अदृश्य लहर सोडते आणि लेखणीच्या पोटातली तारेची गुंडाळी त्या लहरीने झंकारून उत्तर देते. सतारीवर मुख्य तार छेडली की खालच्या तरफेच्या तारा आपोआप बोलू लागतात, तसे. म्हणून या लेखणीत बॅटरी नसते. तिला कधी चार्ज करावे लागत नाही. १९८३ साली स्थापन झालेल्या वॅकॉम नावाच्या जपानी कंपनीने ही युक्ती घरोघर पोचवली. दुसऱ्या जातीत लेखणीला स्वतःची बॅटरी असते. ती स्वतः बोलते, आणि बोटे ओळखण्यासाठी काचेत जी जाळी असते तीच तिचे बोलणे ऐकते. आता ही जाळी मुळात बोटांसाठी विणलेली, म्हणजे विरळ. लेखणीचे टोक दोन तारांच्या मध्ये असले की नेमके कुठे आहे ते यंत्राला अंदाजाने भरावे लागते. सरळ आडव्या-उभ्या रेघेत तो अंदाज खपून जातो. तिरक्या, सावकाश रेघेत उघडा पडतो. नव्या यंत्रांत हा दोष पुष्कळ कमी झाला आहे, पण सगळ्यांत सारखा कमी झालेला नाही. बाजारातल्या बहुतेक लॅपटॉपांत ही दुसरीच जात असते. पहिली मुद्दाम शोधावी लागते. ज्याला सभेत टिपणे घ्यायची आहेत त्याला दोन्ही सारख्याच. परंतु देवनागरीचे अक्षर काढणाऱ्याला? आपल्या अक्षराचा जाड-बारीकपणा मुळात बोरूच्या तिरक्या कापातून आलेला. शिरोरेघ सोडली तर आपल्या लिपीत सरळ असे आहे किती? 'र'चा पाय, 'क'चा कान, 'ळ'चे पोट, सगळे तिरके आणि वळणदार. तिरकी रेघ थरथरली की अख्खी बाराखडी थरथरली.

मग पेंटरांनी लेखणी मागितली. दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. एका डोळ्यावर पडदा आलेला, सदऱ्याच्या बाहीवर जुन्या रंगाचा डाग असलेला हा माणूस दीड लाखाच्या काचेवर काय करणार, असा त्याचा चेहरा. पेंटरांनी आधी डाव्या हाताची मूठ काचेवर टेकवली आणि तिच्यावर उजवे मनगट ठेवले. भिंतीवर काम करताना ते असेच करीत. यंत्राने तळहाताकडे दुर्लक्ष करून फक्त लेखणीचे ऐकावे लागते. दुसऱ्या पाटीने ते केले, तिसरीने मुठीचाही एक ठिपका काढला. मग त्यांनी 'राजुरा' असे लिहिले. आधी शिरोरेघ, मग तिच्याखाली अक्षरे, आणि शेवटी 'ज'ला उकार, असा त्यांचा क्रम. लिहून झाल्यावर मान मागे घेऊन ते बराच वेळ पाहत राहिले. दुकानदाराने खिशातून मोबाईल काढला आणि त्या अक्षरांचा फोटो घेतला.

"काच निसरडी आहे," पेंटर म्हणाले. "भिंत ब्रशाला धरून ठेवते. ही सोडून देते."

त्यावरही उपाय असतो. कागदासारखी खरखरीत पातळ फिल्म काचेवर चिकटवता येते. मग लेखणी अडखळत चालते, पेन्सिलीसारखी. परंतु तिच्यापायी लेखणीचे टोक लवकर झिजते आणि रंग किंचित धुरकट दिसतात. मुलीने आणखी एक पाहिले. लेखणीचे टोक जिथे टेकते तिथेच रेघ उमटते, की काचेच्या जाडीमुळे केसभर बाजूला? अगदी वरून पाहिले तर कळत नाही. बाजूने, तिरक्या नजरेने पाहिले की कळते. जुन्या पाट्यांत काच आणि चित्र यांच्यामध्ये पोकळी असे. आता चांगल्या पाट्यांत दोन्ही एकमेकांना चिकटवलेली असतात.

रंगांची परीक्षा तिने स्वतःच ठरवून आणली होती. दसऱ्याच्या झेंडूचे एक जुने चित्र तिने पेनड्राईव्हमधून तिन्ही पाट्यांवर उघडले. तिसऱ्या, स्वस्त पाटीवर तो झेंडू आजारी दिसू लागला. माहितीपत्रकात बारीक अक्षरात '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेले होते. त्याचा साधा अर्थ असा, की रंगांच्या मोठ्या पंगतीतले बरेच पाहुणे या पडद्याला ओळखताच येत नाहीत. पत्रव्यवहाराला तो चालेल. मुखपृष्ठाला चालणार नाही. पडदा फिका म्हणून चित्रकार रंग भडक करतो आणि छापून आल्यावर डोक्याला हात लावतो. एसआरजीबी नावाचे जे माप आहे ते शंभर टक्के असावे, एवढे या बाबतीत लक्षात ठेवले तरी पुरते.

दलाल आणि मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांवर पोसलेल्या वाचकांना हा सगळा खटाटोप पाहून मौज वाटेल. १९४५ साली दीनानाथ दलालांनी 'दीपावली' सुरू केला, तेव्हा त्यांच्या हाताशी ब्रश होता. रघुवीर मुळगावकरांनी हवेच्या फवाऱ्याने रंग मारून गालांवर जी कांती आणली, तिच्यापुढे आपल्या आयाबहिणी थक्क झाल्या. पण तो फवारादेखील त्या काळी यंत्रच होता, आणि फवारणी नीट करणारा कोणता व कोणता थुंकतो याची पारख मुळगावकरांनाही करावी लागली असेलच. त्या पिढीचे ब्रश, रंग, फवारे निवडताना घरच्या मंडळींची काय धांदल उडाली, हे कुणी लिहून ठेवले नाही एवढेच.

आयपॅडचाही विचार झाला. त्याची लेखणी उत्तम आहे, हे मुलगीही कबूल करते. पण आमच्या भागातले छापखाने अजून कोरलड्रॉवर चालतात. छापखान्याला त्यांच्या भाषेत फाईल द्यायची तर विंडोज हवे. विंडोजच्या नव्या पाट्यांत काहींचा प्रोसेसर मोबाईलच्या जातीचा असतो. बॅटरी दिवसभर पुरते, मात्र काही जुनी सॉफ्टवेअरे त्यावर रुसतात. तेव्हा आपल्या कामाची सॉफ्टवेअरे चालतात का, हे आधी विचारून घ्यावे. स्मरणशक्तीच्या बाबतीत म्हणाल, तर १६ जीबीच्या खाली उतरू नये. कारण या पातळ यंत्रांत ती बहुधा आतच डाखलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. आणि फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरांचे भाडे दर महिन्याला भरावे लागते, हे बापांनी आधीच ऐकून ठेवलेले बरे. क्रिता आणि इंकस्केप ही दोन फुकट मिळतात, आणि पहिल्या वर्षाचे बरेच काम त्यांवर होऊ शकते.

देवनागरीची आणखी एक खोड आहे. परदेशी सॉफ्टवेअरांच्या जुन्या आवृत्त्यांत मजकुराची एक सेटिंग बदलल्याखेरीज आपली अक्षरे तुटतात. जोडाक्षराचा पाय मोडतो, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे यायची ती मागे जाते. फ्लेक्सवरची निम्मी अशुद्धे लिहिणाऱ्याची नसतात, यंत्राची असतात; पण दोष येतो तो मराठी शिकवणाऱ्याकडे! र. कृ. जोशींसारख्या अक्षरमहर्षीने संगणकासाठी 'मंगल' घडवला, तो विंडोज २००० पासून घरोघर गेला. पुढे मुंबईच्या 'एक टाईप' या मंडळींनी 'मुक्ता'सारखे सुबक टंक फुकट देऊन टाकले. इतके असताना गावोगावच्या फलकांवर तीच दोन-तीन ठरावीक अक्षरे का, याचे उत्तर मला माहितीपत्रकात मिळाले नाही.

दोन पाट्या रिंगणात उरल्या असताना सौभाग्यवतीने फोनवरून आपले मत दिले. तिने घरी बसून दोन्हींची बारीक अक्षरातली माहिती वाचून काढली होती. "अहो, इथं लिहिलंय, हे यंत्र शून्य ते पस्तीस अंशांत वापरावं. म्हणजे काय, डिसेंबरातच?" हे मात्र खरे आहे. बहुतेक कंपन्या ३५ अंशांची मर्यादा घालतात, आणि आमच्याकडे एप्रिलात रात्री दहा वाजता पारा कुठे त्या मर्यादेत येतो. मे महिन्यात तो ४५ च्या पुढे जातो. म्हणून यंत्र बंद पडते असे नाही. ते स्वतःला वाचवण्यासाठी मंद होते, आणि उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत रोज चार्ज केले तर बॅटरीचे आयुष्य भराभर घटते. ज्यांना पंखा नसतो त्या पाट्या जास्त लवकर मंदावतात. पंखा असला तर तो धूळ ओढतो, आणि आमच्याकडची धूळ काही साधी नव्हे. एका बाजूला सास्तीच्या कोळसा खाणी आणि दुसऱ्या बाजूला गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने. धुळीचा कण लेखणीच्या टोकाखाली सापडला तर काचेवर ओरखडा ठरलेला. म्हणून हात धुण्याचा हुकूम. आम्ही पंखा पत्करला, आणि पंखा साफ करून देणारे दुरुस्ती केंद्र नागपूरला आहे याची खात्री करून घेतली. पूर आला की आमची वाट बंद होते; पाटी मात्र नागपुरातच राहायची होती.

तर घेतली ती दुसरी. उलटी दुमडणारी, दीड किलोच्या आतबाहेर, बिनबॅटरीची लेखणी डब्यातच असलेली. सव्वा लाखातून बारा हजार उरले. त्यांतून वसतिगृहाची अनामत भरली. पेंटरांचा मोतीबिंदू पिकलेला निघाला. पुढच्या महिन्यात एका डोळ्याची शस्त्रक्रियाही झाली.

आता मुलगी पहिल्या सत्राचे काम म्हणून राजुऱ्याच्या भिंतींवरून पेंटरांची अक्षरे उतरवून घेते आहे. अजून पुसल्या न गेलेल्या पाट्यांचे फोटो मी काढून पाठवायचे, ती पाटीवर ते खाली ठेवून वरून रेघ ओढते, आणि रात्री एकेक अक्षर माझ्या मोबाईलवर येते. मी ते घेऊन पेंटरांकडे जातो. ते उघड्या झालेल्या डोळ्याने पाहतात. "ळचं पोट जड झालं बेटाचं. थोडं आत घे म्हणा." दुसऱ्या दिवशी पोट आत येते. खोडाखोड कितीही करा, काच कुरकुरत नाही, हे त्यांना फार आवडले आहे. दिवाळीत ती घरी येईल तेव्हा आपणच 'श्री' काढून देऊ, असे त्यांनी कबूल केले आहे.

'ज्ञ' मात्र अडला आहे. आमच्या बाजारपेठेत 'ज्ञ' असलेले एकही दुकान नाही. किराणा, कापड, भांडी, खते, औषधे, कशालाच 'ज्ञ' लागत नाही. शेवटी काल पेंटरांना आठवले, पंचवीसेक वर्षांपूर्वी एका शाळेच्या दारावर त्यांनी 'विज्ञान प्रयोगशाळा' असे लिहिले होते. दिवाळीच्या सुट्टीत त्या इमारतीला रंग द्यायचा आहे, असे शिपायाकडून कळले. उद्या सकाळी आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत. मुलीने बजावले आहे, "बाबा, फोटो अगदी समोरून काढा, तिरका नको. आणि ऊन चढायच्या आत."